मेलेल्या शार्कचा टीआरपी

टीव्हीवरच्या विज्ञान माहितीपटांबद्दल प्रेक्षकाला मत विचारलं, की त्याच्यातला चिकित्सक खडबडून जागा होतो. संगीत कानठळ्या बसवणारं, माहिती चमचाभर आणि जाहिराती संपल्या की मघाचीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून! तक्रार अगदी रास्त आहे. जाहिराती वजा जाता तासाच्या कार्यक्रमात जेमतेम पाऊण तास उरतो. त्यातलाही बराचसा ‘आता काय होणार’ आणि ‘मघाशी काय झालं’ यांत खर्ची पडतो. विज्ञान पंगतीतल्या कोशिंबिरीसारखं पानाच्या कडेला. पण हे झालं तोंडाचं मत. रिमोट धरलेल्या हाताचं मत निराळं असतं आणि वाहिन्या मोजतात ते हाताचं.

2012 साली ॲनिमल प्लॅनेटने जलपऱ्यांवर ‘माहितीपट’ दाखवला. त्यातले शास्त्रज्ञ म्हणजे नट होते. अखेर अमेरिकेच्या सरकारी सागरविज्ञान खात्याला जाहीर करावं लागलं, की मनुष्यसदृश जलचरांचा पुरावा कधीही सापडलेला नाही. (सरकारी खात्याने इतकं स्पष्ट बोलणं हीदेखील दुर्मीळ नैसर्गिक घटनाच.) एवढ्यावर जलपरी बुडायला हवी होती. पण पुढच्याच वर्षी तिचा दुसरा भाग आला आणि तो 36 लाख लोकांनी पाहिला. वाहिनीचा तोवरचा उच्चांक! त्याच वर्षी डिस्कव्हरीने किमान पंचवीस लाख वर्षांपूर्वी नामशेष झालेला मेगॅलोडॉन शार्क अजून जिवंत असल्याचं सुचवलं. प्रेक्षक 48 लाख. संतापाची लाट उसळली, पण संतापायलाही आधी कार्यक्रम पाहावा लागतो, आणि मोजणाऱ्या यंत्राला संतापलेला डोळा वेगळा ओळखता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, नाट्य नसेल तर पाहणार कोण? खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनची 1980 सालची ‘कॉसमॉस’ ही विज्ञानमालिका तेरा भाग चालली आणि जगभर पाहिली गेली. आपल्या दूरदर्शनवर ‘टर्निंग पॉइंट’ या विज्ञान कार्यक्रमात भौतिकशास्त्रज्ञ प्रा. यशपाल प्रेक्षकांच्या प्रश्नांना शांतपणे उत्तरं देत, आणि लोक तेवढ्यासाठी टीव्हीसमोर बसत. नाट्य त्या प्रश्नांतच होतं. दुसरा आक्षेप असा, की चित्रीकरणात थोडी बनवाबनवी सगळेच करतात. करतात. 2011 च्या ‘फ्रोझन प्लॅनेट’ या माहितीपट मालिकेत ध्रुवीय अस्वलाच्या पिल्लांचा जन्म प्राणिसंग्रहालयात टिपला होता. ते कळल्यावर केवढा गहजब झाला! खरं तर रानातल्या अस्वलिणीच्या गुहेत कॅमेरा घुसवणं पिल्लांच्या जिवावर बेतलं असतं. अस्वल खरं, जन्म खरा, फक्त पत्ता चुकीचा. तो पडद्यावरच सांगायला हवा होता, एवढाच काय तो दोष. जलपरीला मात्र पत्ताच नाही.

मेगॅलोडॉनवरच्या तक्रारींचा परिणाम झाला नाही असं मात्र नाही. 2014 साली डिस्कव्हरीने त्याचा दुसरा भाग काढला. त्याचं नाव होतं ‘नवे पुरावे’.