भैयाजी, तुमचा फोन लागला

आदरणीय भैयाजी,


फोपनारहून बुऱ्हाणपूरला जाताना चेकिंग लागलं की एक जण पाकीट काढतो, दुसरा मोबाइल. पाकीटवाल्याची पावती फाटते. मोबाइलवाला फोन शिपायाच्या कानाला लावतो आणि पलीकडून तुमचा मधुर स्वर येतो, "अपनाच आदमी है, जाने दो." झालं! हेल्मेट नसलेलं ते डोकं तिथल्या तिथे सुरक्षित. पडलाच तर डांबर फुटेल, तो नाही.

तुमच्यापुढे सरकारं अगदीच कच्ची. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने विनाहेल्मेट १००० रुपये दंड ठेवला. कलम २००खाली राज्यांना तडजोडीची रक्कम ठरवता येते, म्हणून गुजरातने ती ५०० केली. पण त्यासाठी बिचाऱ्यांना अधिसूचना काढावी लागली, टीका सोसावी लागली. तुम्ही ती शून्यावर आणता, तेही जेवता जेवता.

आणि तुमच्या गाडीचा तो हूटर! केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११९वा नियम तसले आवाज रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस अशा मोजक्याच गाड्यांना देतो. तुम्ही यांतले कोण? आम्हाला तर लग्नाला उशीर झालेलेच दिसता. लाल दिवे १ मे २०१७ला गेले. तुमच्या नंबर प्लेटवर मात्र आकड्यांहून ठळक 'प्रतिनिधी' आलं. कुणाचे, ते चिखलाखाली आहे.

एक तक्रार तेवढी आहे. शिपायाकडे थोडी सूट असते. ती कळा सुरू झालेल्या बायकोला मागे बसवून दवाखान्याकडे निघालेल्या माणसासाठी. तुमची माणसं सोडता सोडता ती सकाळीच संपते. वर संध्याकाळी केसेस तर दाखवायच्याच असतात! मग केळी कापून दमून घरी निघालेला मजूर सापडतो. म्हणजे तुमच्या माणसाची पावती फाटतेच भैयाजी, फक्त दुसऱ्याच्या नावाने.

त्याच मोटार वाहन कायद्यात कलम २१०ब आहे. कायदा राबवणाऱ्यानेच तो मोडला तर दंड दुप्पट. कुणाला धरायचं नि कुणाला सोडायचं हे तुम्हीच ठरवता, तेव्हा राबवणाऱ्यांत तुम्हाला धरायला काय हरकत आहे? हूटरपासूनच सुरुवात करू.

ते जमत नसेल तर तुमचा नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून टाका. कापणीच्या दिवसांत जरा पटापट उचलत चला, एवढीच विनंती.

आपला,
अद्याप कुणाचाच आदमी नसलेला एक पावतीधारक,
फोपनार