सहावी पिढी

माझ्या लॅपटॉपला काहीही झालेलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. बिजागरी जरा सैल, बॅटरी नावापुरती, ‘एन’चं बटण ठोकल्याशिवाय न ऐकणारं; पण हे वयोमानानुसार आमच्या घरात सगळ्यांचंच आहे. आठ जीबी रॅम, मागाहून बसवलेली एसएसडी, २०१६ची खरेदी. तरी १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा संपणार, असं तो मला रोज सकाळी स्वतःच सांगू लागला.

मग ११ घ्यावं म्हटलं. तिथे पत्रिका जुळेना. टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप पाहिजे, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा पाहिजे. आमचा सहाव्या पिढीचा. अहो, हिंदू विवाह कायदासुद्धा सपिंड मोजताना वडिलांकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांवर थांबतो!

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप हातात घेऊन मान हलवली. “साहेब, हा आता संपला समजा. एक्स्चेंजमध्ये देऊन टाका, हजार-दीड हजार सोडवून देतो.” तो हे बोलत असताना त्याच्याच हातात लॅपटॉपवर भीमसेनजींचा मारवा रंगात आला होता.

शेवटी भाचा धावून आला. तो इंजिनीअरिंगला आहे, म्हणजे त्याच्याकडे सगळ्याला एकच उत्तर असतं. “मामा, लिनक्स टाक ना.” आणि वर माहिती दिली, की १९९१च्या ऑगस्टमध्ये लिनस टोरवाल्ड्स नावाच्या, हेलसिंकीत शिकणाऱ्या एकवीस वर्षांच्या पोराने आपण नुसती हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, फार मोठं काही नाही, असं जाहीर केलं होतं. आज अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच आहे, आणि जगातल्या अव्वल ५०० महासंगणकांवर २०१७पासून तेच चालतं. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे तर खरोखरच कुणी पैसे मागत नव्हतं.

लिनक्सचे वाण पुष्कळ. भाच्याने माझ्यासाठी लिनक्स मिंट निवडलं. कारण विचारल्यावर “सिनियर लोकांना सोपं जातं” म्हणाला, ते मी ऐकलं नाही असं दाखवलं. या मिंटच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं. तेराव्या आवृत्तीची माया, एकोणिसावीची तारा, २०.२ची उमा आणि २०२५च्या सप्टेंबरात आलेली २२.२ची झारा. त्यामुळे घरात असा प्रसंग आला : मी फोनवर, “उमा चालली असती रे, पण ती आता जुनी झाली. मला झाराच पाहिजे.” आतून बायको : “तिसऱ्या खणात आहे. आणि तळताय काय या वेळी?”

पेनड्राइव्हवरचे मुंजीचे फोटो आधी सुरक्षित जागी हलवून त्यावर झारा चढवली. लॅपटॉप चालू करताना एफ-१२ दाबत राहायचं, म्हणजे तो डिस्कऐवजी पेनड्राइव्हवरून उठतो. यातली उत्तम सोय अशी, की काहीही न पुसता नवी सिस्टिम आधी वापरून बघता येते. बघण्याचा कार्यक्रम घरच्या घरी आटोपतो आणि नकार कळवायला पेनड्राइव्ह उपसला की झालं.

बघताना एकच खोट निघाली. वायफाय दिसेना. नेमकी तेव्हाच मी बायकोला महासंगणकांची गोष्ट सांगत होतो. ती शांतपणे म्हणाली, “त्या पाचशेंना वायफाय मिळतं का?” भाच्याने मोबाइल यूएसबीने जोडून नेट दिलं, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, तिथे चिपचं नाव हजर होतं, एक टिचकी आणि वायफाय सुरू. प्रिंटर मात्र, ज्याची सीडी मी दहा कपाटांत शोधली असती, तो काही न विचारता आपोआप सापडला. माझा थोडा हिरमोडच झाला.

शेजारचे काका येऊन स्क्रीन न्याहाळून गेले. “टॅली चालतं?” मूळ टॅली लिनक्ससाठी येत नाही. “मग काय उपयोग!” काका भूगोलाचे निवृत्त शिक्षक आहेत.

आईची परीक्षा वेगळी. तिला यूट्यूबवरचं कीर्तन आणि पत्ते. पत्त्यांचा सॉलिटेअर उतरवून घेतला. तिने एक डाव लावला, जिंकली आणि “याचे पत्ते जरा मोठे आहेत, बरं झालं” म्हणून सिस्टिम मंजूर केली. तेवढ्यात भाच्याने रुबाब दाखवायला काळ्या खिडकीत ‘आप्ट-गेट मू’ असा हुकूम टाइप केला आणि अक्षरांची एक गाय उभी राहिली. हा गमतीचा हुकूम खरंच आत दडवलेला आहे. वसुबारस तोंडावर आली होती. आई हळदकुंकवाची कुयरी आणायला उठली, तिला मी अर्ध्या वाटेत थांबवलं.

खरी कसोटी लागली ती सोसायटीच्या बैठकीत. मी सेक्रेटरी. २००९चं इतिवृत्त जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेलं होतं. त्या फॉन्टांत ‘क’ हा ‘क’ नसतोच. आत कुठलं तरी परकीय अक्षर बसलेलं असतं आणि फॉन्ट त्याला ‘क’चा चेहरा देतो. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१चीच आणि तिच्यात देवनागरी होती. पण आमच्या सोसायटीपर्यंत ती पोहोचायला वेळ लागला. लिब्रेऑफिसात फाइल उघडली, टीव्हीला जोडली आणि समितीसमोर टोप्या घातलेल्या युरोपीय अक्षरांची रांग उभी राहिली. मधेच पाउंडाचं चिन्ह.

खजिनदारांनी चष्मा पुसला. “टाकीच्या गळतीचा खर्च आपण पाउंडात केला होता?”

अध्यक्ष म्हणाले, हा विषय पुढच्या बैठकीत घेऊ. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा आला.

रात्री जुन्या डिस्कवरून त्या फॉन्टची फाइल शोधून लिनक्सच्या फॉन्टांच्या फोल्डरात टाकली. लिब्रेऑफिस बंद करून परत उघडलं आणि सोळा वर्षांपूर्वीचा ठराव सुवाच्य मराठीत समोर आला : ‘टाकीच्या गळतीचा विषय पुढील सभेत घेण्यात यावा, असे सर्वानुमते ठरले.’ मी त्याचा फोटो खजिनदारांना पाठवला. त्यांचं लगेच उत्तर आलं, “म्हणजे सकाळी आम्ही बरोबरच वाचलं होतं.”