स्वारगेटवर जन्मलेला जादूगार: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

साहित्य: एक वही, एक पेन्सिल (खोडरबर घरीच ठेवा, का ते पुढे कळेल), पाण्याची बाटली आणि दुपारचे दोन तास. फासे असतील तर आणा, नसतील तरी अडणार नाही. आपण स्वारगेटच्या एसटी स्टँडवर बसणार आहोत.

आधी खेळाविषयी. डंजन्स अँड ड्रॅगन्स, तोंडी डी अँड डी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत काढला. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं आणि एकाने कीर्तनकारासारखं आख्यान लावायचं: गुहा, राक्षस, खजिना. तलवार राक्षसाला लागली की भिंतीला, हे फासा सांगतो. माझ्या भाच्याला एवढं सगळं ठाऊक होतं, घोडं अडलं ते पात्रापाशी. त्याने आपलं पहिलं पात्र निवडून-पाखडून केलं होतं: उंच, देखणा, अबोल, पोरका राजपुत्र. टेबलावरच्या बाकी चौघांनीही अबोल, पोरके राजपुत्रच आणले होते. पाचही जण गुहेच्या तोंडाशी गप्प उभे राहिले, आणि आख्यान तिथेच आटोपलं.

म्हणून पात्र नशिबावर सोडायचं. आपल्याला हे अवघड वाटायचं कारण नाही. पाचवीच्या रात्री पाटा-वरवंटा पुजून शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवणारी माणसं आपण. सटवाई येते, बाळाच्या कपाळी लिहून जाते. बाळाच्या आईने दुसऱ्या दिवशी ‘बुद्धी जरा कमी पडलीय, परत लिहा’ असा अर्ज केल्याचं ऐकिवात नाही.

पायरी पहिली: आकडे मिळवणे. मूळ नियम साधा आहे. सहा बाजूंचे तीन फासे टाका, बेरीज लिहा. असं सहा वेळा, आणि ज्या क्रमाने पडेल त्याच क्रमाने. ताकद, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई, छाप. तीन फाशांच्या २१६ जुळण्या होतात. त्यांतली अठरा देणारी एकच. सरासरी साडेदहा. म्हणजे बहुतेक पात्रं तुमच्या-माझ्यासारखी निघतात, आणि नेमकं तेच लोकांना सहन होत नाही. मग १९७९ च्या पुस्तकात सवलत आली: चार फासे टाका, सगळ्यांत लहान गाळा. सरासरी सव्वाबारावर गेली. ग्रेस मार्कांची प्रथा तिथेही आहे तर.

आपल्याला सवलत नको. फलाटासमोरचं बाकडं धरा आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या नंबरप्लेटचा शेवटचा आकडा लिहा. एक ते सहा चालेल. सात, आठ, नऊ आणि शून्य गाळायचे. एमएच १४ पाहून हुरळून काही उपयोग नाही. दापोडीच्या कार्यशाळेतून निघालेल्या कितीतरी गाड्यांवर ते असतंच, नशीब शेवटच्या आकड्यात. अशा तीन गाड्यांचा एक गुण. अठरा आकडे भरेपर्यंत तीसएक गाड्या बघाव्या लागतात. दोन तास म्हटलं ते यासाठी.

वीस बाजूंचा फासा पुढे लढाईला लागेल, तो विकत घ्या. चार बाजूंचा घरात सांडू नका, अंधारात पायाखाली आला तर सराटा परवडला.

पायरी दुसरी: आकड्यांचा अर्थ. ताकद सगळ्यांना कळते. नवशिके गोंधळतात ते बुद्धी आणि शहाणपणात. फलाटावरचा बोर्ड वाचून सातारा गाडी कुठे लागेल हे काढणं ही बुद्धी. बोर्ड न वाचता सरळ कंडक्टरला विचारणं हे शहाणपण. उसाचा रस आणि दोन वडापाव पोटात घालून वरंध घाट उतरणं म्हणजे काटकपणा. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं ही चपळाई, आणि रुमालाचा मालक दहा मिनिटांनी आला तरी कोणी भांडत नाही, ही छाप.

आमच्या बाकड्यावर पडलेले आकडे असे: ताकद ६, बुद्धी १५, शहाणपण ४, काटकपणा १६, चपळाई १०, छाप ९.

“मामा, हे काय आलं? परत टाकूया ना.”

नाही. या एका क्षणासाठीच ही सगळी मार्गदर्शिका लिहिली आहे. पेन्सिल खाली ठेवा आणि समोरच्या माणसाकडे नीट बघा. त्याला पिशवी उचलत नाही. पुस्तकं तोंडपाठ आहेत. व्यवहार शून्य, पण आजारी म्हणून कधी पडत नाही. असा एक जण प्रत्येकाच्या नात्यात असतो, लग्नात त्याला हमखास आहेर नोंदवायला बसवतात. हा माणूस तुम्ही स्वतः बसून कधीच निवडला नसता.

पायरी तिसरी: व्यवसाय. १९७४ च्या नियमांत तीनच: लढवय्या, जादूगार, धर्मोपदेशक. बुद्धी १५ म्हणजे जादूगार, प्रश्न मिटला. याहून निष्ठुर खेळही आहेत. १९८६ च्या वॉरहॅमर फँटसी रोलप्लेमध्ये धंदाही फासाच ठरवतो, आणि राजपुत्र व्हायला आलेला माणूस उंदीरमाऱ्या होऊन उठतो, सोबत एक लहानसं पण चावरं कुत्रं. १९७७ च्या ट्रॅव्हलरमध्ये तर पात्र घडवता घडवताच मरू शकतं. नोकरीची चार-चार वर्षं फाशावर काढायची, फासा वाकडा पडला की खेळाआधीच तेरावं.

पायरी चौथी: नाव. समोरच्या दोन गाड्यांचे बोर्ड घ्या, पहिल्याचं डोकं आणि दुसऱ्याचं शेपूट जोडा. पूर, वाडी, गाव ही शेपटं टाळा, नाहीतर राक्षसाशी लढायला सरपंच येतील. फलटण आणि नीरा मिळून फलीरा, ही वनदेवी असणार. मिरज आणि सासवडचं मिरवड झालं, ते कर्जबाजारी बुटक्याला शोभेल. आमच्या वाट्याला वेल्हे आणि भोर आले. वेल्होर! भाच्याची तक्रार तिथे निम्मी संपली.

पायरी पाचवी: पूर्वायुष्य. शेजारच्या बाकड्यावरून कानावर पडलेलं पहिलं वाक्य. आम्हाला मिळालं ते एका आजीबाईंचं, फोनवर: “अण्णांनी विहीर बुजवली तर मी त्या घरचं पाणी पिणार नाही.” पोरक्या राजपुत्राला असलं काही सुचेल का सांगा.

पैसे आणि खरेदी थोडक्यात: पुन्हा तीन फासे, बेरजेची दहापट तेवढ्या मोहरा. दोरी घ्या, आणि जमीन चाचपायला दहा फुटी काठी घ्या. ती घेऊन गाडीत मात्र चढू नका.

वेल्होरचा पहिला खेळ सारसबागेजवळ भाच्याच्या मित्राच्या घरी झाला. शहाणपण ४ असल्यामुळे त्याने गुहेतली पहिलीच पेटी उघडली. विषारी धूर निघाला. काटकपणा १६ असल्यामुळे तो खोकत बाहेर आला आणि आत पाणी आहे का, विहीर कोणी बुजवली, असं राक्षसाला विचारू लागला. चौघे राजपुत्र प्रथमच तोंड उघडून बोलले, त्याला गप्प करायला. तिसऱ्या रविवारी तो पुलावरून पडून मेला. पुलाची एक फळी कुजकी आहे हे त्याने स्वतःच वाचून दाखवलं होतं.

मी समजूत घालायला फोन करणार होतो. त्याआधी भाच्याचाच आला, मागे फलाटावरची घोषणा चालू.

“मामा, सासवड लागलीय. शेवटी नऊ आहे. घेऊ?”

“गाळ.”

“बरं. मग बारामतीची बघतो.”