हेलाचा हिस्सा

मिठबावात थिएटर नाही. गजबादेवीचं देऊळ आहे, समुद्र आहे, हापूसची कलमं आहेत आणि नाट्यसमीक्षक आहेत. समीक्षक दर घरात दोन तरी असतात. काही घरांत तीन, आणि तिसरी बहुधा सासू असते. या मंडळींचं सगळं शिक्षण जत्रांत झालेलं. कार्तिकात जत्रा लागल्या की जेवूनखाऊन चादर काखोटीला मारून निघायचं, रात्रभर दशावतार बघायचा, पहाटे दहीकाला झाला की घरी यायचं आणि पुढचा आठवडाभर त्या खेळाची साल काढायची.

ही परीक्षा सोपी नसते. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, नट आपापला चेहरा आपणच रंगवतात आणि पुढचं सगळं जागच्या जागी सुचलेलं. नेपथ्य म्हणजे एक बाकडं. त्यावर इंद्र बसला की सिंहासन, राणी रुसून आडवी झाली की पलंग. संवादात एकाने दुसऱ्याला पेचात धरायचं आणि त्याने त्यातून सुटायचं. लोक तिथेच कान टवकारून बसलेले असतात. कोण अडकला, कोण निसटला, कोणाची स्त्रीपार्टी बाईपेक्षा बाई वाटली, याची नोंद होते आणि ती पुसली जात नाही. लोकराजा म्हणून ज्यांना अख्खा जिल्हा ओळखायचा त्या सुधीर कलिंगणांच्या एखाद्या प्रवेशावर आमच्या पारावर आजही वाद झडतो आणि वाद घालणाऱ्यांनी तो प्रवेश एकाच रात्री, एकाच रांगेत बसून बघितलेला असतो.

तेव्हा आकाशातून उतरणारे देव, रंगीबेरंगी राक्षस, मायावी युद्धं, मेलेल्याचं परत उठणं यांतलं काहीच आमच्याकडे नवलाचं नाही. पेटी, मृदंग आणि झांज एवढ्यावर हे दरवर्षी घडतं. हल्ली तर जाहिरातीत ‘ट्रिकसीनयुक्त’ असंही ठळक छापतात. निरनिराळ्या कंपन्यांचे नावाजलेले नट एका रात्रीसाठी एकत्र आणले की त्याला ‘संयुक्त दशावतार’ म्हणतात. मार्व्हलवाल्यांनी २०१२ साली ‘ॲव्हेंजर्स’ काढून हेच केलं तर जगभर केवढा गहजब!

माझा डोंबिवलीचा पुतण्या या मार्व्हलच्या पंथातला. मे महिन्यात तो प्रोजेक्टर घेऊन आला. छातीवर हातोड्याचं चित्र असलेला काळा टीशर्ट, आणि गावाला काहीतरी दाखवायचंच असा मिशनऱ्याला शोभणारा उत्साह. खळ्यात पांढरी चादर बांधली गेली. सिनेमा निवडला ‘थॉर: रॅग्नारॉक’. २०१७चा, तायका वायटिटी या न्यूझीलंडच्या दिग्दर्शकाचा, हिंदी आवाजातला. का निवडला विचारलं तर म्हणाला, “काका, यात सगळ्यात जास्त रंग आहेत.” निवड चुकली नव्हती. रंग खरोखरच एवढे होते की पहिल्या दहा मिनिटांत बेबीवयनीने डोळ्यांना पदर लावला.

सुरू करायच्या आधी पुतण्याने छोटंसं भाषण केलं. हा या मालिकेतला सतरावा सिनेमा आहे, असं तो म्हणाला. नाना म्हणाले, “सतरावो? मगे आधीचे सोळा कोण सांगतलो?” पुतण्या सांगू लागला. अर्ध्या तासाने तो तिसऱ्यावर पोचला तेव्हा दाजींनी त्याला प्रेमाने गप्प केलं. मग त्याने दुसरी सूचना केली: कोणाला शेवट माहीत असेल तर त्याने तो कृपया फोडू नये.

यावर खळ्यात खरोखरच गोंधळ उडाला. शेवट फोडणं हा काय गुन्हा आहे हेच कोणाच्या ध्यानात येईना. कीचक मरणार हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. तरी माणसं भीमाची वाट बघत पहाटे तीनपर्यंत जागी राहतात, कारण कीचक आज कसा मरतो हे बघायचं असतं. शेवट कळला म्हणून मजा गेली असं म्हणणाऱ्याला आमच्या जत्रेत फक्त चहा-भज्यांच्या टपरीवर ठेवावं लागेल. दाजी म्हणाले, “शेवटाक देव जिकतलो मा? झाला तर. लाव तू.”

सिनेमा लागला. नायक साखळ्यांत बांधलेला, पिंजऱ्यात, शेजारच्या सांगाड्याशी गप्पा मारतोय. नानांनी तिथेच मार्क कापले. “राजापार्टीची पैली एन्ट्री आणि ती पिंजऱ्यात? मृदंग नाय, काय नाय?” पाठोपाठ डोक्यावर आगीचा मुकुट घातलेला सुर्तुर नावाचा राक्षस आला, तो मात्र एकमताने पास झाला. राक्षसाला आवाज हवा आणि अंग हवं, ते त्याला होतं.

पण खळं जिंकलं ते पुढच्या प्रवेशाने. अस्गार्डमध्ये, म्हणजे या देवांच्या गावात, चक्क नाटक चाललेलं असतं. लोकी नावाच्या लबाड भावाने स्वतःच्याच मरणावर ते बसवलेलं, स्वतः बापाचं रूप घेऊन द्राक्षं खात आडवा पडून तो ते बघतोय आणि पुढ्यात नट रडारड करून मरतोय. पुतण्या सांगत होता की तो मरणारा नट मॅट डेमन आहे आणि थॉरचं सोंग घेतलेला खऱ्या थॉरचा सख्खा भाऊ आहे. ते कोणी ऐकलं नाही. “अरे बघा, तेंच्याकडेय दशावतार आसा!” असं नाना ओरडले आणि तिथून पुढे अस्गार्ड हे कुडाळ तालुक्यातलंच एखादं गाव असावं अशा आपुलकीने लोक बघू लागले.

उलट जिथे पुतण्याच्या डोळ्यांत पाणी आलं तिथे खळं कोरडं. थॉरचे लांब केस कापायला एक म्हातारा येतो. पुतण्याने उठून टाळ्या वाजवल्या. “न्हाव्याक टाळये कित्याक?” मोठ्या काकीने विचारलं. तो न्हावी म्हणजे स्टॅन ली, १९६२ साली कॉमिक्समध्ये या थॉरला जन्म देणाऱ्यांपैकी एक, आणि मार्व्हलच्या सिनेमांत क्षणभर असा डोकावून जाणं ही त्याची रीत होती, २०१८ साली तो वारला, हे सगळं सांगितल्यावर काकी हळहळली. “जल्म देणाऱ्याकच झिलाचे केस कापूक लावल्यानी?” असं म्हणून तिने निर्मात्यांना नावं ठेवली.

आता हेला. सिनेमाच्या हिशोबाने ती खलनायिका. मृत्यूची देवी, काळं वस्त्र, डोक्यावर हरणाच्या शिंगांचं जंजाळ, आणि थॉरचा तो जगप्रसिद्ध हातोडा ती एका हाताने धरून चुरा करून टाकते. सिनेमा पाठ असूनही पुतण्याच्या तोंडून “नाही!” निघालं. खळ्यात मात्र हातोड्याची चिंता कोणालाच नव्हती. दुसरा घडवता येतो. खळ्याने पकडलं ते तिचं वाक्य: मी ओडिनची पहिली मुलगी.

“पयली?” मोठी काकी सरसावून बसली.

हळूहळू हकीगत उलगडली. बापाने हिच्या जोरावर मुलखामागून मुलूख जिंकला. काम झाल्यावर हिला कोंडून ठेवली, राजवाड्याच्या छतावरची चित्रंसुद्धा बदलून टाकली आणि धाकट्या मुलाला तिचं नावही सांगितलं नाही. बाप मेल्यावर ती सुटली आणि थेट घरी आली. ती छत फोडून खालची जुनी चित्रं उघडी करते त्या प्रवेशाला बायकांच्या बाजूने जो हुंकार उठला तो मी कुठल्या संतांच्या कीर्तनातही ऐकलेला नाही.

“ही राक्षसीण कशी काय?” काकी म्हणाली. “बापाशीन सगळा झिलाच्या नावार केल्यान. ती आपलो हिस्सो मागूक इली.”

पुतण्या म्हणाला, “अगं पण आजी, ती माणसं मारते!”

“मागान कोणी दिल्यानी काय कधी?”

दाजींची हयात सातबाऱ्याच्या सावलीत गेलेली. त्यांनी प्रोजेक्टर थांबवायला लावला. चौकशी पद्धतशीर झाली. मयताचं नाव ओडिन. वारस तीन. त्यातला लोकी आणलेला मुलगा. दत्तकपत्र झालंय का? पुतण्याला माहीत नव्हतं. मुलीचं लग्न? झालेलं दिसत नाही. “मगे पुढे बघूकच नको,” दाजी म्हणाले. “दोन हजार पाचचो कायदो सोड. महाराष्ट्रात चौऱ्याण्णवाक झालो तेच्यातसुद्धा लग्न न झालेला चेडू बसता. वारसतपासाक तिचा नाव डावलल्यानी, तर फेरफारच चुकीचो.” पुतण्याने क्षीणपणे सांगून पाहिलं की अस्गार्ड महाराष्ट्रात नाही. दाजी म्हणाले, “म्हणानच तिचा असा झाला.”

इतकी वर्षं जगभरच्या चाहत्यांनी या सिनेमावर काय काय बोलून घेतलं असेल, थॉर फारच विनोदी केला म्हणून काही रागावले, काहींनी त्याच विनोदासाठी तो डोक्यावर घेतला. पण फेरफाराचा मुद्दा काढणारे दाजी पहिलेच असावेत.

पुढे थॉर कचऱ्याच्या ग्रहावर पडतो, तिथल्या आखाड्यात त्याला झुंजायला उभा करतात, समोरचं दार फोडून हिरवागार हल्क बाहेर येतो आणि नेमकी लाईट गेली.

अंधारात कोणी उठलं नाही. नानांनी तंबाखू मळत उरलेला सिनेमा सांगायला घेतला. “ह्यो हिरवो म्हणजे भीम. आता दोघे झगडतले, मगे एक होतले. हातोडो गेलो म्हणान हो रडात. मगे मेलेलो बापूस येवन सांगतलो, रे शक्ती तुझ्यात आसा, हातोड्यात नाय. शेवटाक द्वारका बुडतली आणि हुरलेली माणसां घेवन हो भायर पडतलो.”

लाईट आली आणि सगळं तसंच झालं. हल्क आणि थॉर आधी एकमेकांना बडवतात, मग एका बाजूला येतात. बाप समोर येऊन हातोड्याबद्दल तेच सांगतो. गाव जळून जातं. पुतण्या डोळे फाडून म्हणाला, “नाना, तुम्ही आधी बघितलाय!”

“बघलंय तर,” नाना म्हणाले. “गेल्या जत्रेक.”

एका गोष्टीने मात्र नानांचं मत पालटलं. दिग्दर्शकाने पुष्कळसे संवाद नटांना तिथल्या तिथे सुचू दिले आणि तो दगडी अंगाचा, गरीब आवाजात बोलणारा कोर्ग स्वतः त्यानेच वठवला, असं पुतण्याने सांगितलं. “म्हणजे मालक सोता उभो रवता,” नाना म्हणाले. कापलेले मार्क परत दिले गेले. मला विचाराल तर सिनेमाची खरी गंमत त्या मोकळेपणातच आहे. पुढे त्याच वायटिटीने २०२२ साली ‘थॉर: लव्ह अँड थंडर’ काढला, त्यात जहाजाला जुंपलेले दोन बोकड सिनेमाभर किंचाळतात. तिथे मालकाला कोणी आवरायला हवं होतं. बोकड आमच्याकडे रोज किंचाळतात, त्यासाठी प्रोजेक्टर लागत नाही.

शेवट मात्र मंडळींना पटला नाही. हेलाची शक्ती त्या मातीतून येते, म्हणून थॉर स्वतःच गाव जाळायचं ठरवतो. सुर्तुरला मोठा करून सगळं भस्म करवतो आणि माणसं एका जहाजात भरून पृथ्वीकडे निघतो.

“खय चालली ही?” बेबीवयनीने विचारलं.

“पृथ्वीवर.”

“म्हणजे मुंबयक,” ती म्हणाली. देवगडला आगबोट लागायची तेव्हाचे दोघेतिघे होते, त्यांनी माना डोलावल्या. घराला कुलूप, भांडण तसंच ठेवून माणसं बोटीत. यात अंतराळ ते काय?

दाजी मात्र संतापले होते. “बहिणीक हिस्सो देवक नको म्हणान जमीनच जाळल्यान! असो निकाल कुठला कोर्ट देता?” मी बोललो नाही. आमच्याच वाडीत एक घर आहे. भावाभावांचा दावा चालू असताना त्याचे वासे कुजले, कौलं पडली, आता चौथऱ्यावर कुंभा उगवलाय. सुर्तुरला एवढा वेळ लागला नाही, इतकाच फरक.

नामावळी सरकू लागल्यावर पुतण्याने सगळ्यांना बसवून ठेवलं, कारण शेवटी आणखी एक तुकडा असतो. नानांना हे समजावून सांगावं लागलं नाही. दहीकाला घेतल्याशिवाय ते उठत नाहीत. तुकडा आला: थॉरच्या जहाजावर त्याहून अजस्र अशा एका जहाजाची सावली पडते. ते थॅनोसचं, पुढच्या एका सिनेमातलं, असं पुतण्या म्हणाला. “झाला,” नाना चादर झटकत म्हणाले, “पैसे पुढच्या जत्रेक.”

त्यानंतर पारावर थोडे दिवस हेलाचं काम कोण करील यावर खल झाला. स्त्रीपार्टी करणाऱ्या दोन नटांची नावं पुढे आली, दोन तट पडले, शिंगं कशाची करायची इथे गाडी अडली. पुतण्या खूश होऊन डोंबिवलीला गेला. आपण मिठबावला मार्व्हल दिलं असं त्याने तिकडे सांगितलं असेल.

त्याला पुढचं माहीत नाही. मोठ्या काकीच्या भावाने दोन वर्षांपूर्वी एक कागद पाठवला होता. माहेरच्या कलमांवरचा हक्क सोडल्याचा, नुसती सही करून द्यायची होती. काकीने तो तांदळाच्या डब्याखाली ठेवलेला, करू करू म्हणत. सिनेमानंतरच्या सोमवारी ती तो घेऊन दाजींच्या ओटीवर जाऊन बसली, आणि दाजींनी चष्मा लावला.

बुधवारी तिच्या भावाचा मला फोन आला. एरवी मे संपताना त्याच्याकडून आंब्याची एक पेटी यायची. यंदा दोन पाठवतोय म्हणाला. तब्येत विचारली, पावसाचं विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “भाऊ, तुमच्या खळ्यात तो शिंगांचो पिक्चर लावलो कोणी?”