बापाची हुशारी, इयत्ता दुसरी

आमची लेक हुशार आहे हे मला ती जन्मायच्या आधीपासून ठाऊक होतं, कारण तिचा बाप मी होणार होतो. प्रश्न फक्त काउंटीच्या शिक्षण खात्याला ते पटवून देण्याचा होता.

उत्तर व्हर्जिनियातल्या मराठी माणसाला 'एएपी' काय ते समजावून सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी एवढंच की सरकारी शाळेत दुसरीपर्यंत मुलांच्या चाचण्या होतात, शिक्षक अभिप्राय देतात, पालक अर्ज भरतात आणि एक समिती फायली वाचून ठरवते की तिसरीपासून हुशारांच्या वर्गात कोण बसणार. फी शून्य. फुकट आणि अवघड या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळाल्या की आपल्या माणसाला आवरणं ब्रह्मदेवालाही शक्य नाही.

यातली मुख्य चाचणी 'कॉगॅट'. शब्द, अंक आणि आकृत्या असे तिचे तीन भाग. सरासरी १००, कमाल १६०. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत हे आकडे पूर्वी पगार विचारायचे तसे विचारले जातात, म्हणजे थेट कुणी विचारत नाही आणि सुटकाही नसते.

मला या सगळ्याची धास्ती नव्हती. मी चौथीचा स्कॉलर. आमच्या वेळी स्कॉलरशिप चौथीला आणि सातवीला असे. २०१७ पासून काही वर्षं ती पाचवीला आणि आठवीला गेली होती, आणि हा बदल करताना माझा सल्ला कुणी घेतला नाही. बुद्धिमत्ता चाचणीच्या गाईडमधले एक गृहस्थ मला अजून आठवतात. फोटोतल्या मुलाकडे बोट दाखवून ते म्हणत, "मला भाऊ नाही, आणि या मुलाच्या वडिलांचे वडील हे माझ्या आजोबांचे एकुलते एक चिरंजीव." अहो, मुलगा आहे तुमचा, सांगून टाका ना! घरी सत्यनारायणाला आलेल्या पाहुण्यांनाही हे असंच सांगत असतील? आणि बायको काही बोलत नसेल? पुढच्या पानावर एक इसम उत्तरेला चार किलोमीटर जायचा, उजवीकडे वळून तीन किलोमीटर जायचा, आणि सात किलोमीटरची तंगडतोड करून घरापासून जेमतेम पाच किलोमीटरवर पोचायचा. हे दोघे एकाच गावचे, अशी माझी तेव्हापासूनची पक्की समजूत आहे. त्या गावात टाकी दोन नळांनी भरत आणि तिसरा नळ उघडाच ठेवत, ग्रामपंचायत झोपलेली. दुकानदार आधी किंमत वाढवून मग सूट देई आणि तरी त्याला आपला नफा किती हे चौथीच्या पोरांना विचारावं लागे. घड्याळ सरळ भिंतीवर बघायची पद्धत नव्हती, आरशात बघत. मजूर दुप्पट केले की काम निम्म्या दिवसांत होई. हा चमत्कार फक्त त्याच गावात होतो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, मला विचारा.

या गावाच्या जिवावर मी स्कॉलर झालो, असं मी चारचौघांत सांगतो. खरं तर झालो तो आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंच्या जिवावर. त्या सकाळी सातला जादा तास घेत, वर एक पैसा घेत नसत. पण ते सांगितलं की माझं श्रेय कमी होतं, म्हणून सहसा सांगत नाही.

असो. तर लेकीची तयारी. कॉगॅटमध्ये घडी घातलेल्या कागदाला भोक पाडतात आणि उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील ते विचारतात. मी ऑफिसातून पंच आणला. महिनाभर घरभर कागदाच्या टिकल्या. त्या वरणात सापडल्या, तेव्हा बायकोने पंच जप्त केला. शिवाय आकृत्यांची आणखी एक चाचणी असते, ती जॅक नॅग्लिएरी या मानसशास्त्रज्ञाची. इंग्रजी येत नाही म्हणून एखाद्या मुलाची बुद्धी झाकली जाऊ नये, यासाठी त्यांनी ती शब्दांवाचून रचली. ज्यांच्या घरी इंग्रजी पाण्यासारखं वाहतं अशा आम्ही मंडळींनी लगेच तिच्या सरावाची पुस्तकं मागवली.

मग आला पालकांचा अर्ज. मुलीचे विशेष गुण उदाहरणांसह लिहा. ती रात्री अकरापर्यंत झोपत नाही, मी लिहिलं, "दीर्घकाळ एकाग्र राहू शकते." दोडका खात नाही, "प्रस्थापित कल्पना तपासल्याशिवाय स्वीकारत नाही." खेळात हरायला लागली की नियम बदलते, "नेतृत्वगुण." बायकोने वाचलं आणि विचारलं, "कोण रे ही मुलगी? आपल्याकडे येते का कधी?"

नकार आलाच तर तोंड लपवायला एक गोष्ट तयार ठेवली होती. लुईस टर्मन यांनी १९२१ साली कॅलिफोर्नियात असामान्य बुद्धीची मुलं निवडायला सुरुवात केली. विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्व्हारेझ या दोन मुलांचे गुण कमी पडले, ती वगळली गेली. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ साली. निवडलेल्यांपैकी एकालाही मिळालं नाही. मुलगी लागली नाही तर ही गोष्ट सांगायची. लागली तर टर्मन किती थोर होते ते सांगायचं.

या काळात लेकीची एक मैत्रीण घरी येत असे. कुटुंब एल साल्वाडोरचं. आई सकाळी हॉटेलातल्या खोल्या आवरते, संध्याकाळी दुसरी नोकरी. एकदा ही मुलगी आमच्याकडे पोहे खात बसली होती आणि मी लेकीला घडीचा कागद समजावत होतो. तिने मान वर केली, भोकं कुठे येतील ती चार ठिकाणं बोटाने दाखवली आणि शेंगदाणे वेचायला लागली. कागद नाही, पंच नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो जागा किती असतात हा. बायको म्हणाली, "जागांना मर्यादा नाहीये. माहितीपत्रक वाचलंस ना तू?"

वाचलं होतं. म्हणूनच सांगतो. चाचणी सगळ्यांची होते, त्यात कुणावर अन्याय नाही. पण आकडा थोडा कमी पडला तर पुढे पालकांचा अर्ज असतो, घरच्या कामाचे नमुने असतात, खासगी मानसशास्त्रज्ञाकडची चाचणी असते आणि शेवटी अपील असतं. या प्रत्येक पायरीवर मुलाच्या बुद्धीइतकंच आईबापांचं इंग्रजी, रिकामी संध्याकाळ आणि खिसा मोजला जातो. आमच्या बाईंनी तेव्हा अख्ख्या वर्गाचे फॉर्म स्वतः भरून घेतले होते. कुणाचा बाप काय करतो हे त्यांनी विचारलं नाही, कुणाच्या बापाला निबंध लिहायला लावला नाही. तसं असतं तर माझ्या वडिलांनी काय लिहिलं असतं? त्यांना सहीच तेवढी येत होती.

एप्रिलात पत्र आलं. लेक लागली. निवडपद्धत अत्यंत शास्त्रशुद्ध असल्याचं मी त्याच संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर लिहिणार होतो. तेवढ्यात कळलं की ग्रुपमधल्या सगळ्यांचीच मुलं लागली आहेत. आनंदावर असं विरजण नकारानेही पडलं नसतं.

मैत्रीण लागली नाही. तिच्या आईने अर्ज केलाच नव्हता. असा काही अर्ज असतो हे तिला बायकोने बस-स्टॉपवर सांगितलं तेव्हा कळलं, आणि मुदत उलटून गेली होती. येत्या वर्षासाठी आम्ही तिघांनी बसून तो भरला. मजकूर मी लिहिला. पोह्यांचा प्रसंग जसा घडला तसाच घातला, आणि या खेपेला बायकोने एकही ओळ खोडली नाही.

तेव्हा मंडळातल्या समस्त स्कॉलर पालकांना विनंती: अर्जाला पैसे पडत नाहीत, तो स्पॅनिशमध्येही मिळतो आणि मुदत डिसेंबरात संपते. आपल्या मुलाचा भरून झाला की वर्गातल्या आणखी एका आईला एवढं सांगा.