नाताळकर

डिसेंबरात दादरच्या गोखले रोडवरून पोर्तुगीज चर्चकडे चालत गेलात, तर एखादे तरी नाताळकर भेटतातच. बँकेतून निवृत्त, कपाळाला गंध, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत बटर. आडनाव जोशी असो, राणे असो, नाहीतर तांबे. डिसेंबरभर ते नाताळकरच.

त्यांचा नाताळ नवरात्रात सुरू होतो. घरोघरी घट बसतात तेव्हा यांच्याकडे बरणी बसते. बेदाणे, काळ्या मनुका, खजूर, संत्र्याची साल, सगळं रममध्ये बुडवायचं आणि बरणीवर तारखेची चिठ्ठी डकवायची. टुटीफ्रुटीचं नाव काढलंत तर तुमच्या घराण्याविषयीच शंका घेतली जाते. रम आणणं हे मात्र दिव्य. गृहस्थ जन्माचे निर्व्यसनी. वाइन शॉपच्या जाळीपुढे उभे राहून, कोणी विचारलेलं नसताना, ते मागच्या-पुढच्याला "केकसाठी हो, केकसाठी" असं सांगत राहतात. काउंटरवरचा पोऱ्या बाटली गुंडाळत म्हणतो, "काका, सगळे केकसाठीच नेतात."

दुसरी अडचण घरातली. डिसेंबर म्हणजे बहुधा मार्गशीर्ष, आणि मार्गशीर्षात गुरुवारी घरात महालक्ष्मीचा कलश. तेव्हा वहिनींनी तह करून दिलेला आहे: अंडी ओट्यावर फुटणार नाहीत, गॅलरीत फुटतील, गुरुवारी गॅलरीतही नाही. म्हणून ओव्हन वॉशिंग मशीनवर, वजनकाटा तुळशीपासून सुरक्षित अंतरावर आणि मधे लुंगी खोचून नाताळकर. पाव किलो बटर, पाव किलो साखर, पाव किलो मैदा. बँकेची सवय, ग्रॅमचा फरक आला की पुन्हा पहिल्यापासून. सुकामेवा आधी मैद्यात घोळवायचा, नाहीतर तो तळाशी जाऊन बसतो. रंगासाठी साखर काळी होईपर्यंत जाळायची, की शेजारी धावत येऊन दार वाजवतात. केक भाजून झाला तरी प्रकरण मिटत नाही. त्याला विणायच्या सुईने भोकं पाडून आठवड्याला दोन चमचे रम पाजायची असते. या दिवसांत जावई फार अगत्याने केकची चौकशी करतो.

मग कुलकुल. नव्या कोऱ्या फणीवर पिठाची गोळी दाबून गुंडाळत ते ऐकवतात, "ही आपली शंकरपाळीच, फक्त फणीवरून फिरवलेली." नेवऱ्या दिसल्या की, "करंजी!" तसं ते चुकीचं बोलत नाहीत, म्हणून तर जास्त त्रास होतो.

तळमजल्यावरच्या ख्रिस्ती मावशी केक सरळ बेकरीतून आणतात. दोन वेळची लोकल धरून नोकरी करणाऱ्या बाईने कधी भाजायचा? पण नाताळकरांना हे मनाला लागतं. "मावशी, आपणच सोडलं तर कसं व्हायचं?" असं ते त्यांना विचारतात.

दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या खिळ्याला, त्याच वायरला, त्याच बल्बवर आता कागदी तारा चढतो आणि चोवीस तारखेला फेरी निघते. इमारतीतल्या कोणालाही सुटका नाही. पोर्तुगीज चर्चच्या दाराशी व्याख्यान: चर्च मूळ १५९६चं, आताची इमारत १९७०च्या दशकातली, चार्ल्स कोरियांची. मग सगळ्यांना चपला काढायला लावतात. भाविक बूट घालून आत जात असतात आणि बाहेर फक्त आमच्या मंडळींच्या चपलांची रांग. पुढे वांद्र्याला माउंट मेरी. तिथे नवसासाठी मेणाचे हात, पाय, घरं मिळतात. नाताळकर गुडघेदुखीसाठी मेणाचा पाय घेतात आणि डावा की उजवा यावर विक्रेत्याशी पाच मिनिटं बोलतात.

शेवट गिरगावात, खोताच्या वाडीत. बाहेरून चढणारे जिने, लाकडी सज्जे, त्यांवर चांदण्या लावलेल्या. वाडीला नाव दादोबा वामन खोतांवरून पडलं, त्यांनी ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना जागा दिल्या, इथपर्यंत रीतसर सांगून झालं की नाताळकर एखाद्या खिडकीकडे बोट दाखवून आतल्या खोल्यांची रचना समजावू लागतात. एका ओटीवर बसलेल्या आजीबाईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"छान सांगता. मी याच घरात जन्मले," असं म्हणून त्यांनी कुलकुलांची बशी पुढे केली.

नाताळकरांनी एक उचललं, उजेडात धरून रेघा तपासल्या. "फणी?"

"काटा."

परतीच्या टॅक्सीत ते फारसं बोलले नाहीत.

पंचवीसला सकाळी त्यांच्याकडून स्टीलच्या डब्यात केक येतो. काळा, ओलसर आणि खरोखर उत्तम. बेकऱ्यांनी शिकावा असा. तुमच्याकडे आला तर "अंड्याचा आहे का?" असं विचारू नका, ते दुखावतात. आणि डबा रिकामा परत पाठवू नका. संक्रांत जवळच असते, तिळाच्या वड्या चालतील.