हरिकेनचं पोट आणि उंदराचा रंग

आंबा संपला की आमच्या पावस गावात माणसाला वेळच वेळ असतो. फेब्रुवारीपासून मान वर करायला सवड नसते. मग एकदाची शेवटची पेटी जाते, डागी आंब्याचा रस आटवून होतो, कौलं चाळून होतात, आणि पुढचे तीन महिने समोर नुसता पाऊस. या दिवसांत शहाणी माणसं ज्ञानेश्वरी वाचतात. आमच्या गावच्या स्वामी स्वरूपानंदांनी तर ती अभंगांत उतरवून ठेवली आहे, त्यामुळे ओव्या समजत नाहीत ही सबबही आम्हाला उरलेली नाही. मी मात्र विमान बांधतो.

विमान म्हणजे हॉकर हरिकेन, मार्क टू, प्रमाण एकास बहात्तर. खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ४० फूट. माझं सतरा सेंटिमीटरलाही किंचित कमी भरतं. या हिशेबाने सहा फुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो. खोक्यात हे सगळं करड्या प्लास्टिकच्या चौकटींना तुकड्यातुकड्यांनी चिकटलेलं असतं. ते कापायचं, घासायचं, जोडायचं, फटी लांबीने भरायच्या, परत घासायचं. सोबत एक पुस्तिका असते. तिच्यात शब्द कमी आणि बाण फार.

हा छंद असणारे बहुतेकजण स्पिटफायर बांधतात. ते देखणं आहे, मान्य. पण १९४०च्या ब्रिटनच्या लढाईत जास्त जर्मन विमानं पाडली ती हरिकेननी. नाव झालं स्पिटफायरचं. शिवाय हरिकेनचा मागचा भाग पत्र्याचा नव्हताच, सांगाड्यावर ताणलेल्या कापडाचा होता. गोळी आरपार गेली तर ठिगळ लावायचं आणि पुन्हा उडायचं. हे ऐकल्यावर आईने विमानाकडे पहिल्यांदा आदराने पाहिलं.

आणि हे विमान आपल्या पोरांनी चालवलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, इंफाळला भारतीय हवाईदलाची अर्जनसिंगांच्या हाताखालची पहिली स्क्वाड्रन हरिकेनवरच होती. या आघाडीचे सरसेनापती माउंटबॅटन यांनी तिथे येऊन त्यांच्या छातीवर पदक लावलं. आराकानच्या आघाडीवर मेहरसिंगांची सहावी स्क्वाड्रन जंगलावर खाली खाली उडत टेहळणी करायची. तिला ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्याचे डोळे म्हणत. हे सगळं ब्रह्मदेशासाठी. त्याच ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला १८८५ साली गादीवरून उतरवून इंग्रजांनी पुढे आमच्या रत्नागिरीत आणून ठेवलं होतं. बिचारा १९१६ साली इथेच वारला. जगता तर आपलं राज्य वाचवायला इंग्रज कसे धडपडताहेत, हे त्याला थिबा पॅलेसच्या सज्जातून मोठ्या समाधानाने वाचता आलं असतं.

हा इतिहास मी शेजारच्या काकांनाही सांगून पाहिला. त्यांनी चष्मा वर केला.

"उडतं काय रे?"

"नाही, काका."

"आवाज करतं?"

"नाही."

"मग करतं काय?"

"काही नाही. असतं."

काकांनी त्या दिवसापासून माझ्याशी जरा हळू आवाजात बोलायला सुरुवात केली.

या कामात दोन शत्रू. पहिला आमचा कोबा. प्लास्टिक करडं, कोबाही करडा. चिमट्यातून उडालेलं मागचं चाक हुडकत मी बॅटरी घेऊन जमिनीला गाल टेकून पडलो होतो. आत्या आली.

"काय हरवलं?"

"विमानाचं चाक."

"मग मिळेल की! चाक म्हणजे केवढं असेल!"

दुसरा शत्रू हवा. पुस्तिकेच्या कर्त्याने जुलैतलं पावस पाहिलेलं नसावं, कारण रंग कोरड्या जागी द्यावा असं तो चित्र काढून बजावतो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक याच दिवसांत उरकतो. दमट हवेत लॅकर मारला की वर पांढुरकी साय धरते. रंगाची तर गंमतच आहे. तो ज्वलनशील, म्हणून त्याला विमानप्रवास वर्ज्य. विमानाचा रंग ट्रकमध्ये बसून घाट उतरतो आणि जमेल तेव्हा येतो.

शेवटी गणपतीच्या कारखान्यात गेलो. भर पावसात ओल्या मातीवर रंग सुकवण्याची विद्या या मुलखात त्या एकाच माणसाकडे आहे. मूर्तिकारांनी विमान तळहातावर घेतलं, उलटंसुलटं केलं आणि ते उडतं का असं विचारलं नाही. फटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "लांबी अजून एक हात मागते."

विमानाच्या पोटाला 'मीडियम सी ग्रे' लागतो, असं मी नमुन्याची पट्टी दाखवून सांगितलं. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, मग फळीवर ओळीने बसलेल्या उंदरांकडे पाहिलं.

"हा तर आमचा उंदीर!"

खरोखर तोच रंग होता. मग एकाच वाटीतून, एकाच कॉम्प्रेसरवर, पंचवीस-तीस उंदीर आणि एक लढाऊ विमान रंगून निघालं आणि हॅलोजनच्या उजेडात शेजारी शेजारी सुकत बसलं. नाहीतरी दोन्ही वाहनंच.

वैमानिक पाहून मात्र ते गंभीर झाले. "ह्याचे डोळे?" एक इंचाच्या माणसाला डोळे नसतात, असं मी म्हणालो. मेहरसिंगांची स्क्वाड्रन सैन्याचे डोळे होती, हेही ओघात बोलून गेलो. "मग तर आखणी हवीच!" त्यांनी श्वास रोखला आणि दोन-तीन केसांच्या कुंचल्याने दोन ठिपके टेकवले. वैमानिक आता जरासा दचकल्यासारखा दिसतो. मूर्तिकारांच्या मते भाव प्रसन्न आहे.

वरच्या बाजूला हिरवे-तपकिरी पट्टे दिले आणि उघडीप पाहून विमान शेवाळलेल्या गडग्यावर वाळत ठेवलं. चहा पिऊन आलो तर विमान दिसेना. आत्या, काका, शेंगदाणे खात उभा असलेला भाचा, सगळे शोधत होते. ते जागच्या जागीच होतं. वरून पाहणाऱ्याला जमिनीवर विमान दिसू नये म्हणून ब्रिटिश हवाईदलाने काढलेली ही रंगयोजना पावसच्या गडग्यावर शंभर टक्के यशस्वी झाली.

राहिली वर्तुळं. ब्रिटिश विमानाच्या पंखावर निळं, पांढरं आणि मधे लाल असं वर्तुळ असे. पण जपान्यांची खूण लाल गोळा. घाईत लाल दिसलं की आपलाच तोफची आपल्याच विमानावर गोळी झाडायचा. म्हणून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मधला लाल ठिपका काढून टाकला. गडद निळ्यात फिकट निळा एवढंच ठेवलं. कोमट पाण्यात भिजवून त्या वर्तुळांची नाजूक चिकटचित्रं मी पंखांवर अगदी अचूक बसवली.

खंडेनवमीला आईने कोयता, खुरपी, फवारणीचा पंप, स्कूटर अशी पूजा मांडली. शस्त्र म्हणून विमानही पाटावर घेतलं. हळद, अक्षता, झेंडू. आणि डाव्या पंखावर, फिकट निळ्याच्या बरोबर मधोमध, कुंकवाचं गोल बोट.

"आई, अगं लाल ठिपका म्हणजे जपानी! आता आपलेच लोक पाडतील त्याला."

"कोण आपले?"

"इंग्रज."

"ते कधीपासून आपले?"

या प्रश्नाचं उत्तर अर्जनसिंगांच्या पिढीलाही सोपं गेलं नसणार. मी निमूटपणे आरती म्हटली.

कुंकू पुसायला जावं तर खालचं चित्र सोलून निघेल, म्हणून ते आहे तसंच आहे. स्पर्धेत ठेवलं तर परीक्षक पहिल्या नजरेत बाद करतील. तेव्हा कुणाला या नादाला लागायचं असेल त्याने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सुपरग्लू कॉकपिटच्या काचेजवळ नेऊ नये, वाफेने काच कायमची धुरकटते. करडा रंग परदेशातून मागवू नये, जवळच्या गणपतीच्या कारखान्यात चौकशी करावी. आणि अष्टमीच्या रात्रीच विमान कपाटात घालून किल्ली स्वतःजवळ ठेवावी.